खालचा रस्ता

चारकोप, कांदिवली
१८ ऑक्टोबर १९८७

ताई,

कोकमं पोचली, पत्र पोचलं. कोकमांची पुडी फुटून पत्राला जांभळे डाग पडलेत, त्यामुळे तुझ्या सासूबाईंच्या गुडघ्याचं काय झालं ते वाचता आलं नाही. पुढच्या पत्रात परत लिही.

आम्ही बरे. लालबागची खोली सोडून इथे आलो त्याला वर्ष होत आलं, तरी मला अजून वाटतं की कुणाच्या तरी घरी राहायला आलेय. घरं झालीत, झाडं व्हायची आहेत. ह्यांना मात्र झकास वाटतं. गिरणी गेल्यापासून तोंड उतरलं होतं, ते आता इथल्या इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये लेथवर लागल्यापासून परत जाग्यावर आलं. आणि रविवार आला की माणूस घरात नाही. सायकल काढायची, मार्वेला जायचं, सायकल होडीत घालायची आणि खाडी ओलांडून मनोरी. तिथून गोराई, उत्तन. म्हणतात, "तिकडे रस्ता आपल्या नावावर केल्यासारखा असतो गं. एखादा टांगा, टोपल्या घेतलेल्या बायका, बाकी मी आणि माडाच्या सावल्या."

मलाही एकदा मागे बसवून नेलं. गोराईच्या अलीकडे एक चढ आहे. मी म्हटलं, थांबा, उतरते. तर म्हणे, "उतरू नकोस, चढ आहे म्हणून तर मजा आहे." मजा त्यांची, जीव माझा. चढ संपला तेव्हा इतके धापा टाकत होते आणि इतके हसत होते की मला राग धरता आला नाही. येताना मालाडच्या वाचनालयातून माझं पुस्तकही बदलून आणतात, म्हणून मी जास्त बोलत नाही.

आता मुद्दा. हे जानेवारीत तुझ्याकडे यायचं म्हणतात. सायकलवर! मी विचारलं, एस्टी बंद पडल्या का? तर म्हणाले, "एस्टीतून पुढच्या माणसाची मान दिसते. मला कोकण बघायचंय." आमचं भांडण झालं. शेवटी मी एका अटीवर हो म्हटलं. हायवे नको. ते ट्रक मी बघितलेत. ह्यांनी माझा हात हातात घेऊन शब्द दिला, "हायवेला चाक लावणार नाही."

तर तू त्यांना आतले, निवांत रस्ते लिहून कळव. तू आता तिथली. नकाशा दिला तर ते घडी घालून पिशवीत ठेवतील, पण माणसानं सांगितलेलं तंतोतंत करतात. तू लिहिशील तसेच येतील.

तुझी
वनी


आंबेखोल, ता. देवगड
९ नोव्हेंबर १९८७

श्यामकांतराव,

वनीचं पत्र वाचून दाखवलं, तेव्हापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. सासूबाई म्हणतात, "मुंबयवाल्याक येष्टीचा तिकीट परवडना नाय काय?" आमचे हे म्हणतात, येऊ दे, पण पोचल्यावर त्याला उचलून आणायला दोन माणसं ठेवा. मी म्हटलं, माझी बहीण वीस पायऱ्या चढताना कुरकुरते, पण नवरा बरोबर शोधलाय.

आता नीट वाचा. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँच. तिथून पुढे समुद्र सोडायचा नाही. मुरुड, श्रीवर्धन असं विचारत विचारत या. मधे खाड्या लागतील, होडीवाले सायकल घेतात. रस्ते लाल मातीचे, वळणावळणाचे, चढ-उताराला तोटा नाही. वाहन म्हणाल तर सकाळची एस्टी आणि संध्याकाळची एस्टी. लोक पाणी विचारल्याशिवाय सोडणार नाहीत.

फक्त आमच्या आधीच्या खाडीवरची होडी यंदा बंद आहे, म्हणून तिथे वळसा घालून आत यावं लागेल. आत आलात की बोरभाटाचा तिठा लागतो. पाटीबिटी काही नाही. गुणाजीचं चहाचं दुकान आहे तीच खूण. तिथून दोन रस्ते फुटतात. वरचा रस्ता हायवेला जातो. तो धरू नका. खालच्या रस्त्याने या. खालचा, विसरू नका! वनीने मला बजावलंय. खालच्या रस्त्याला लागलात की तासाभरात आमचं अंगण.

येताना तिला काही आणायला सांगू नका. तिच्यासाठी मी इथून काय काय देणार आहे, ते सायकलवर कसं न्यायचं याचा विचार करून ठेवा.

नलिनी


(कार्ड)
रत्नागिरीच्या पुढे
१२ जानेवारी १९८८

वनमाला,

पाय शाबूत, सायकल शाबूत. एकदा पंक्चर झाली, एका शाळेच्या व्हरांड्यात काढली. गावोगाव विचारतात, कुठल्या कंपनीची जाहिरात? मी म्हणतो, बायकोच्या बहिणीची. इथे उघड्या कातळाच्या माळाला सडा म्हणतात. चढून गेलं की दोन्ही बाजूंना पिवळं गवत आणि वारा, आणि लांब कुठेतरी पाण्याची रेघ. मैलभर माणूस नाही. मला एकट्यालाच इतकं का दाखवताहेत असं वाटतं. एकेक चढ असा आहे की आपला गोराईचा चढ म्हणजे उंबरठा. तू नक्की उतरली असतीस.

संक्रांतीपर्यंत ताईकडे पोचतो. माझ्या वाटणीचा तिळगूळ तू खा.

अजून हायवेला चाक लावलेलं नाही.

श्याम


आंबेखोल
२० फेब्रुवारी १९८८

वने,

कितीदा कागद घेतला आणि ठेवून दिला. सासूबाई अंथरुणाला खिळल्या आहेत, त्यांना टाकून मला निघता आलं नाही. श्यामकांतरावांना घेऊन आमचे हे मुंबईला आले, ते तुझ्याकडे पोचले, तू दार उघडलंस, सगळं ह्यांनी सांगितलं. तू रडली नाहीस म्हणाले. त्यांना पाणी दिलंस म्हणाले. ते ऐकून मीच इथे बसून राहिले.

त्या दिवशी संक्रांत. मी गुळाच्या पोळ्या केल्या होत्या आणि अंगणात दोनदा जाऊन आले. कुत्रं भुंकलं की वाटायचं, आले.

सायकल एस्टीच्या टपावर टाकून पाठवली आहे. पुढचं चाक वाकलंय. इथे ठेवावी असं मला वाटत नव्हतं, तुला नको असेल तर कुणाला तरी देऊन टाक.

जिथे झालं ती जागा तिठ्यापासून लांब नाही, रस्ता हायवेला मिळतो त्याच्या तोंडाशीच. ट्रकवाल्याने जबाबात सांगितलं की सायकलवाला मधेच वळला. पंचांनीही लिहिलंय, सायकलचं तोंड उलट्या दिशेला होतं. असं कसं वळले, देव जाणे.

वने, मी स्पष्ट लिहिलं होतं. दोनदा लिहिलं होतं. वरचा रस्ता धरू नका म्हणून. मग का गेले गं? उशीर झाला होता का? संक्रांतीला पोचायचं म्हणून घाई केली का? एकदा, फक्त एकदा ऐकलं असतं.

जेवतेस ना? खरं लिही.

नली


चारकोप
३ एप्रिल १९८८

ताई,

जेवते. त्यांच्याच कारखान्यात मला पॅकिंगला घेतलंय. दिवस जातो.

पाकिटावर तू सवयीने सौ. लिहिलंस. पोस्टमनच्या हातातून घेताना मी त्यावर अंगठा ठेवला. रागावले नाही. मीही परवा रेशनच्या दुकानात विचारल्यावर "घरात दोघं" असं सांगून आले.

त्यांचं कार्ड सगळं आटोपल्यावर आलं. हायवेला चाक लावलेलं नाही, असं त्यात लिहिलंय. मी ते एकदा वाचलं आणि पिठाच्या डब्याखाली ठेवलं.

तुला खरं लिहिते, कारण दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं नाही. लोक येतात, बिचारी म्हणतात, जातात. त्यांना वाटतं मी दुःखात आहे. आहेच. पण मी रागात आहे, ताई. चौदा वर्षांत हा माणूस माझ्याशी खोटं बोलला नाही. संपात चूल बंद पडायची वेळ आली तेव्हाही काही लपवलं नाही. आणि एवढासा एक शब्द मागितला होता, तो मोडला. हात हातात घेऊन दिलेला. गेले त्याचं मी रडेन, आयुष्यभर रडेन. पण मला फसवून गेले, हे मी कुठे ठेवू? फोटोला हार घालताना माझा हात थांबतो.

सायकल आली. तोंड भिंतीकडे करून साखळीने खिडकीच्या गजाला बांधून ठेवलीय. बघवत नाही आणि देववत नाही.

त्यांनी आणलेलं वाचनालयाचं पुस्तक अर्धं राहिलं होतं. तसंच नेऊन परत केलं. तू विचारलंस, का गेले. मला विचारू नकोस. तुझ्या पत्रात तर सगळं होतं.

वनमाला


आंबेखोल
१० जुलै १९८८

वने,

तुझं पत्र आल्यापासून मनात टोचत होतं, काय उत्तर द्यावं. आज एक गोष्ट कळली म्हणून लगेच लिहायला बसले.

सकाळी वर खारेपाटणला गेले होते, सासूबाईंचं औषध आणायला. नेहमीसारखं नदीचं पाणी बाजारात शिरलेलं, गुडघाभर. औषधवाल्याने माळ्यावर बसूनच हात हलवला, आज काही नाही म्हणून. तशीच परत फिरले. येताना एस्टी तिठ्यावर थांबली, तेव्हा पाऊस चुकवायला गुणाजीच्या दुकानात शिरले. त्याला आपलं नातं माहीत नव्हतं. ह्यांनी तेव्हा सगळं निस्तरलं, पण गुणाजीशी कुणी बोललंच नव्हतं. मी सांगितलं तेव्हा त्याने किटली खाली ठेवली.

म्हणाला, "वहिनी, पावणो माझ्याकडेच बसलो होतो. दोन चाय पियालो. मगे खिशातलो कागद काढल्यान, वाचल्यान. तो समोरच्या चढाक खूप येळ बघीत रवलो. माका म्हणता, 'चढ झकास आहे हो, पण आम्हाला परवानगी नाही.' पावणो हसलो, नि दुसऱ्या वाटेन गेलो."

वने, कसली परवानगी? त्यांच्या छातीचं काही होतं का? डॉक्टरांनी चढ बंद केले होते का, तुझ्यापासून लपवून? तसं असेल तर राग सोड गं. नाइलाजाने गेले असतील. खोटेपणा नव्हता तो.

उत्तर दे.

नली


चारकोप
२ ऑगस्ट १९८८

ताई,

छातीचं काही नव्हतं. कारखान्यात घेताना डॉक्टरांनी तपासलं होतं, तेव्हा म्हणाले होते, बैलासारखी छाती आहे. आणि हा माणूस कुणाची परवानगी मागणारा नव्हता. लग्नानंतर त्यांनी परवानगी एकाच माणसाची मागितली असेल, ती माझी.

गुणाजीने सांगितलेलं वाक्य त्यांचंच आहे. ते वाचताना त्यांचा आवाज आला.

मला दोन गोष्टी कळव. तुला ठाऊक आहे, माझी शाळा चौथीपर्यंत. पुढचं जे काही आलं ते वाचून वाचून. एखादा शब्द अडला की मला त्याच्या पुढे जाता येत नाही, तिथेच बसून राहते. तुझ्या पत्रात तसं झालंय.

एक, समोरचा तो चढ कुठल्या रस्त्याला आहे?

दोन, तू "वर खारेपाटणला" असं लिहिलंयस, आणि पुढच्याच ओळीत नदीचं पाणी बाजारात शिरलं म्हणतेस. पाणी भरतं ते गाव वर कसं?

वनी


आंबेखोल
२५ ऑगस्ट १९८८

वने,

तुझे प्रश्न वाचून कितीतरी दिवसांनी हसू आलं. लहानपणी पण तू अशीच, अंगाई ऐकताना मधे विचारायचीस की चांदोबा लपला तर त्याला जागा कोणी दिली.

चढ खालच्या रस्त्याला. तिठ्यावरून निघालं की लगेच उभा चढ, मग सडा, आणि सडा संपला की आमचं गाव. वरचा रस्ता नुसता घसरत जातो, व्हाळातल्या पाण्याच्या कडेने हायवेपर्यंत.

आणि वर-खाली म्हणजे तुमच्या मुंबईसारखं जिन्याचं वर-खाली नाही गं. इथे वर म्हणजे घाटाकडे, सूर्य उगवतो तिकडे. खाली म्हणजे दर्याकडे. मग जमीन चढो नाहीतर उतरो. खारेपाटण घाटाच्या बाजूला, म्हणून वर. पुरात बुडालं तरी वर!

मी नवी नवरी होते तेव्हा माझीही वाट लागली होती. सासूबाई मला सूप आणायला पाठवताना म्हणाल्या, "खालच्या घराकडसून सूप हाड." खालचं घर म्हणजे चुलत सासऱ्यांचं, दर्याच्या अंगाला, पण पंधरा पायऱ्या चढून आहे. मी आपली उतरत उतरत शेतात गेले, चिखलात पाय रुतला, समोर म्हैस. रडत परत आले. अजून लग्नकार्यात कोणीतरी विचारतं, "नलिनी, सूप गावला काय?" वीस वर्षं झाली. आता मीच दुसऱ्यांना तसं सांगते, जिभेला वेगळं काही येतच नाही.

गणपतीची घाई आहे. तुझ्या नावाने एक मोदक ठेवीन.

नली


आंबेखोल
३० ऑक्टोबर १९८८

वने,

गणपती गेले, दसरा गेला, तुझी एक ओळ नाही. ह्यांनी कारखान्याच्या पत्त्यावर कार्ड टाकलं, त्यालाही उत्तर नाही. माझं काही चुकलं का? सूप-म्हैस लिहायला नको होतं का त्या दुःखात? लिही गं, शिव्या लिही, पण लिही.

नली


चारकोप
२० नोव्हेंबर १९८८

ताई,

तुझं काही चुकलं नाही. बरं नव्हतं, म्हणून लिहिलं नाही.

एक चांगली बातमी कळवते. माझा राग गेला. त्यांनी शब्द मोडला नव्हता. ते वाट चुकले. नवा माणूस, अनोळखी तिठा, पाटी नाही. पुढे गेल्यावर त्यांना हायवे दिसला आणि दिसताक्षणी ते माघारी वळले. सायकलचं तोंड उलटं होतं ते म्हणूनच. ते परत येत होते, ताई. मला दिलेला शब्द सांभाळायला त्यांनी सायकल वळवली, आणि वळतानाच ते झालं. आपण दहा महिने त्यांना नावं ठेवली.

वाट कशी चुकले, ते आता कोण सांगणार? तूही त्यावर विचार करत बसू नकोस. एवढं माझं ऐक.

सायकलची साखळी सोडली. चाक सरळ करून आणलं. गेल्या रविवारी ती हातात धरून मार्वेपर्यंत चालत गेले आणि होडीत चढवली. मला चालवता येत नाही, नुसती धरून. होडीवाला, धोंडू नाव त्याचं, सायकलकडे बघून म्हणाला, "बाय, या सायकलीला मी वलखतो. मानूस कुठं हाय?"

मी म्हटलं, "पुढे गेलेत."

"मंग चढावर गावतील," तो म्हणाला. "त्या चढावर थांबतात ते नेहमी."

मी त्या चढापर्यंत गेले. रस्त्यावर कोणी नव्हतं. एका क्रुसाजवळ कुणीतरी पिवळी फुलं ठेवली होती. त्यांनी सांगितलं होतं तसाच होता रस्ता, नावावर केल्यासारखा. सायकल धरून मी वर चढले आणि थोडा वेळ उभी राहिले. मग परत आले.

कार्ड पिठाच्या डब्याखालून काढून फोटोच्या चौकटीत लावलंय.

वनी


आंबेखोल
११ डिसेंबर १९८८

वने,

तू विचार करू नकोस म्हणालीस, म्हणून केला.

तुझं पत्र दोनदा वाचलं तेव्हा नुसतं बरं वाटलं. तिसऱ्यांदा वाचताना तुझं ऑगस्टचं पत्र काढून शेजारी ठेवलं. तू ऑगस्टमध्ये विचारलं होतंस, चढ कुठल्या रस्त्याला. मी हसून उत्तर लिहिलं. त्यानंतर तीन महिने तू गप्प. आणि आता लिहितेस, तुझं काही चुकलं नाही.

काल एकटीच तिठ्यावर गेले. गुणाजीच्या बाकड्यावर बसले, ते बसले असतील तिथे. डोळे मिटले आणि लग्नाआधीची, लालबागच्या चाळीतली नली झाले, जिने चढणारी-उतरणारी. मग डोळे उघडले. एक रस्ता आभाळात चढत होता. दुसरा उतरत होता. आणि हातात माझं पत्र आहे, वरचा धरू नका, खालच्याने या. वने, शेंबडं पोरही उताराचाच रस्ता धरेल.

त्यांना तो चढ हवा होता. समोर बसून बघत राहिले, आणि मी नको म्हटलंय म्हणून सोडला. मी दोनदा लिहिलं होतं. उद्गारचिन्ह देऊन लिहिलं होतं. माझ्या अक्षराचं ऐकून ते गेले, आणि मी वर्षभर तुला लिहीत राहिले की त्यांनी ऐकलं नाही.

तुला कळलं होतं, आणि तू ते एकटीने गिळलंस. मी थोरली ना?

आता मी कुणाला रस्ता सांगत नाही. परवा एका माणसाने विचारलं, तर त्याच्याबरोबर चालत गेले आणि हात करून दाखवला. घरात सगळ्यांना वाटतं माझं डोकं फिरलंय.

तू मला पत्र लिहू नकोस. पाकिटावरचं तुझं अक्षर बघायची माझी लायकी नाही.

नलिनी


चारकोप
२६ डिसेंबर १९८८

ताई,

लिहिते. तुझं न ऐकायची सवय मला लहानपणापासून आहे.

तुझं ते पत्र आलं त्या दिवशीची संध्याकाळ. ह्यांनी मला ते मोठ्याने वाचून दाखवलं. मी भाजी निवडत होते. "खालच्या रस्त्याने या" हे मीही ऐकलं. माझ्याही डोळ्यांसमोर उतारच आला. मी काय म्हटलं माहीत आहे? "उतार आहे, ब्रेक जपून लावा." ते म्हणाले, बरं. आता सांग, मी कुणाचं पत्र बघायचं नाही?

तू खोटं लिहिलं नव्हतंस. ते चुकीचं वागले नव्हते. मीही काही वावगं मागितलं नव्हतं. तरी झालं. मी किती पुस्तकं वाचली, पण असं कुठे लिहिलेलं मला सापडलं नाही. ह्याचं ओझं मी एकटीने तीन महिने उचललं, तुला कळू नये म्हणून. जमलं नाही मला. आता तू ते एकटी उचलायला निघालीस, तुलाही जमणार नाही. म्हणून तू इकडे ये. सासूबाईंना थोडे दिवस नणंदेकडे ठेव, आणि संक्रांतीच्या आत ये. वर्ष होतंय. त्या दिवशी मला एकटीला घरात बसवणार नाही.

आपण मार्वेला जाऊ. सायकल होडीत घालू. धोंडूला मी अजून सांगितलेलं नाही, तू बरोबर असशील तर सांगेन. मग मनोरीपासून चालत, एका बाजूने तू धर, एका बाजूने मी. तो चढ तुला दाखवायचाय. त्यांच्या वाटणीचा तिळगूळ गेल्या वर्षी मी खाल्ला नव्हता. तो तिथे खाऊ.

तू हे घर बघितलेलं नाहीस, म्हणून लिहिते, नीट वाच. बोरिवलीला एस्टीतून उतर. रिक्षावाल्याला सांग, चारकोप, पाण्याच्या मोठ्या टाकीजवळ. टाकीला शेवाळ्याचा हिरवा ओघळ आहे. टाकीसमोर पिठाची गिरणी, तिचा आवाज आधी येतो, मग गिरणी दिसते. गिरणीवाल्या बळवंतला माझं नाव सांगितलंस तर तो हात करून दाखवेल. गिरणीला लागून जी गल्ली आहे तिच्या तोंडाशी कुणीतरी कडुलिंबाचं रोप लावून त्याला जुन्या साडीचं कुंपण केलंय. साडी निळी आहे, माझीच. त्या गल्लीत शिर. एकच दार असं आहे की बाहेर सायकल उभी दिसेल. तिचं तोंड मी आता रस्त्याकडे केलंय.

वर, खाली, असं मी कुठेही लिहिलेलं नाही. तरी चुकलीस, तर पुढे जाऊ नकोस. जिथे असशील तिथेच थांब. मी शोधत येते.

तुझी
वनी